कलमाचे बालपण आणि त्याचे पोषण

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बेळगाव येथे दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी आपण माझ्यासारख्या शाळामास्तराला बोलावलेत याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. मी शेतकी पदवीधर नाही. बी.एस्सी., बी.एड. होऊन गेली वीस वर्षे मुलांना शास्त्र शिकवीत आहे, आणि शाळेच्या आवारात मुलांच्या हातून थोडीफार कलमे करून घेतो, एवढीच माझी पात्रता. परंतु महोत्सवानिमित्त सभासदांना घरटी एक फळझाड द्यावयाचा संकल्प आपल्या ट्रस्टने केला आहे असे समजले, तेव्हा ठराविक विषय बाजूला ठेवून या झाडाविषयीच बोलावे असे ठरविले. झाड देणे सोपे आहे, झाड जगविणे अवघड आहे, आणि ते जगेल की नाही याचा निम्मा निकाल आपल्या हाती येण्यापूर्वीच, रोपवाटिकेत लागलेला असतो. आजचे माझे सारे बोलणे या निम्म्या निकालाविषयी आहे.

प्रथम ‘कलम’ या शब्दाकडे पाहू. आमच्या घरी दखनी बोलतात आणि शाळेत मी मराठीतून शिकवितो, त्यामुळे हा शब्द मला दोन्हीकडे भेटतो. मूळ शब्द अरबी. कलम म्हणजे बोरूची लेखणी. बोरू तिरका छाटला की लेखणी होते आणि झाडाची काडी तिरकी छाटली की तिचेही कलम होते. छाटण्याची क्रिया एकच. लेखणीने लिहिलेले वाचावयास वेळ लागत नाही. झाडाच्या कलमाने काय लिहिले ते मात्र पाच-सहा वर्षांनी, फळ धरल्यावर वाचता येते. या विषयातली सारी जोखीम या विलंबात आहे. खोटे नाणे बाजारात त्याच दिवशी ओळखू येते, पण खोटे कलम ओळखेपर्यंत मुलगा शाळेतून कॉलेजात गेलेला असतो.

कलम करावयाची गरजच का पडते? आंब्याच्या कोयीतून उगवलेले झाड आईसारखे निपजेलच असे नाही. हापूसच्या कोयीतून हापूस येत नाही, कारण मोहोरावर परागकण कोणत्या झाडाचे येऊन पडले हे आपल्या हाती नसते. म्हणून मुळासाठी एक झाड घ्यावयाचे आणि फळासाठी दुसरे. खाली रायवळाचा काटक खुंट, वर पारखलेल्या मातृवृक्षाची काडी. गोव्यात सोळाव्या शतकात पोर्तुगीज आणि त्यांच्याबरोबर आलेले जेझुइट पाद्री यांनी आंब्यावर कलमांचा मोठा उद्योग केला. हापूस, मानकुराद, फर्नांदीन ही नावे त्या काळाची आठवण देतात. हापूस हे नाव तर आफोन्सो द आल्बुकेर्क याच्या नावावरून आले असे मानतात. पुढे पिढ्यान्‌पिढ्या ‘भेट कलम’ चालले. कुंडीतले रोप मातृवृक्षाच्या फांदीपाशी नेऊन बांधावयाचे आणि दोन-तीन महिने त्यांची भेट घडवून आणावयाची. आता कोकणात सर्वत्र ‘कोय कलम’ रूढ झाले आहे. १९७२ साली दापोली येथे स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने या पद्धतीचा मोठा प्रसार केला. ही पद्धत इतकी सोपी आहे की आठवी-नववीची मुले ती दोन दिवसांत शिकतात.

आता मूळ प्रश्न. झाड खाते काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी व्हॅन हेल्मॉन्ट नावाच्या विद्वानाने एक प्रयोग केला. तो त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली प्रसिद्ध झाला. त्याने एका मोठ्या कुंडीत २०० पौंड वाळविलेली माती भरली, तीत ५ पौंडांची विलोची फांदी लावली आणि पाच वर्षे तिला केवळ पाणी घातले. पाच वर्षांनी झाड भरले सुमारे १६९ पौंड. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती २०० पौंडांत केवळ दोनएक औंस कमी! त्याने अनुमान काढले की झाड पाण्याचे बनते. अनुमान चुकले. झाडाचे लाकूड पुष्कळसे हवेतून बनते, आणि त्यासाठी उजेड लागतो, हे पुढे १७७९ साली इंगेनहाउस याने आणि १८०४ साली द सोस्यूर याने दाखवून दिले. परंतु ते दोन औंस? तेवढ्यांकडे हेल्मॉन्टने दुर्लक्ष केले. आजचे खतांचे सारे शास्त्र त्या दोन औंसांत आहे. नत्र, स्फुरद, पालाश, चुना, मॅग्नेशियम, गंधक, लोह, जस्त ही मंडळी वजनाने किरकोळ, पण त्यांच्यातला एक जरी गैरहजर राहिला तरी बाकीच्या सर्वांचे काम अडते.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, झाडाचे मुख्य अन्न म्हणजे हवा, पाणी आणि उजेड; खत हे त्याच्या जेवणातले मीठ आहे, भाकरी नव्हे. दुसरी, मीठ नसले तर जेवण बेचव होते आणि जास्त झाले तर ते फेकून द्यावे लागते. लहान रोपाचे ताट लहान असते, म्हणून त्याच्या बाबतीत ही दुसरी चूक अधिक घडते.

आता कोयीपासून क्रमाने पाहू. ताजी कोय ही रोपाची शिदोरी आहे. कोयीच्या आत जी दोन जाड दले असतात त्यांत रोपाला पहिले काही आठवडे पुरेल इतके अन्न साठविलेले असते. पण ही शिदोरी नासकी आहे. आंब्याचे बी धान्यासारखे वर्षभर ठेवता येत नाही. महिनाभरात त्याची उगवणशक्ती फार घटते. कोय धुऊन, सावलीत सुकवून शक्य तितक्या लवकर वाळूच्या गादीवाफ्यात लावावी. दोन-तीन आठवड्यांत तांबूस कोंब वर येतो. कोंब दहा-पंधरा दिवसांचा आणि तांबूस कोवळ्या पानांचा असताना कोयीसकट उचलून त्यावर कलम बांधतात. कलमाची काडी तीन-चार महिने वयाची, पेन्सिलीएवढ्या जाडीची असावी आणि आठ-दहा दिवस आधी झाडावरच तिची पाने देठ ठेवून कापलेली असावीत, म्हणजे डोळा फुगलेला मिळतो. खुंटाला उभा छेद, काडीला पाचरीसारखा छेद, दोन्ही जुळवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावयाचे. हवेत दमटपणा हवा, म्हणून जुलै-ऑगस्ट हा काळ उत्तम.

कलम बांधताना किंवा लावताना कोय तोडू नये. काही लोक ती निरुपयोगी म्हणून तोडतात. जखम भरून येईपर्यंत कलमाला वरून काही मिळत नाही, कारण वर पानेच नाहीत. त्या दिवसांत खालचे मूळ आणि जखमेचा सांधा या दोघांनाही पोसण्याचे काम कोय करीत असते. आणि याच कारणाने या पहिल्या महिन्यात रासायनिक खत घालावयाचे नाही. कोवळ्या मुळाभोवती खताचे क्षार साचले की मुळाने पाणी आत घेण्याऐवजी मुळातलेच पाणी बाहेर ओढले जाते. मिठात घातलेली कैरी पाणी सोडते, तसेच हे. घरातल्या भगिनींना हे मी सांगावयास नको.

मग पिशवीत काय भरावे? लाल माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत, सारख्या प्रमाणात किंवा माती थोडी अधिक, हे मिश्रण बहुतेक फळझाडांना मानवते. यात ‘कुजलेले’ या शब्दावर जोर आहे. ओले शेण घातले तर ते पिशवीत कुजताना तापते, मुळे भाजतात, आणि कुजविणारे जंतू स्वतःसाठीच मातीतले नत्र वापरून टाकतात. रोपाच्या वाट्याला उपासच येतो. शिवाय अर्धवट कुजलेल्या शेणात हुमणीच्या अळ्या असतात. बेळगाव-चंदगडच्या ऊस उत्पादकांना हुमणी म्हणजे काय ते विचारावे! तीच अळी पिशवीत शिरली तर एकटी सगळी मुळे खाऊन टाकते आणि वरून रोप हिरवेगार दिसत असतानाच उपटून हातात येते. खत पूर्ण कुजले की त्याला शेणाचा वास राहात नाही, मातीचा वास येतो, आणि मुठीत दाबले तर ते चिकटत नाही. एवढी परीक्षा पुरे.

आपल्या जिल्ह्याची एक गोष्ट येथे सांगावयास हवी. पश्चिमेला खानापूरकडे जाल तर जांभ्याची लाल माती, पूर्वेला गोकाक-अथणीकडे जाल तर काळी माती. तालुके शेजारी, पण रोपाच्या तक्रारी निराळ्या. लाल मातीत लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर. ते स्फुरदाला धरून ठेवतात आणि मुळाला देत नाहीत. म्हणून तिकडे स्फुरद वर टाकून उपयोग नाही. पिशवी भरतानाच सुपर फॉस्फेट किंवा हाडांचे खत शेणखतात मुरवून मुळांच्या वाटेवर ठेवावे लागते. शेणखतात मुरविले म्हणजे मातीची त्यावरची पकड सैल होते. काळ्या चुनखडीच्या मातीत याच्या उलट. तेथे लोह असते, पण विरघळत नाही. रोपाची नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. माती निराळी असूनही हेच लक्षण दिसले तर विहिरीच्या जड पाण्याकडे पाहावे. चुन्याचे पाणी वर्षभर घातले की लाल मातीही चुनखडीसारखी वागू लागते.

पानावरून तक्रार ओळखण्याची एक सोपी रीत मी मुलांना शिकवितो. प्रथम पाहा, पिवळे पान जुने की नवे? नत्र, पालाश, मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडात हिंडतीफिरती असतात. टंचाई पडली की झाड जुन्या पानांतून ती काढून नव्या पानांना देते, म्हणून जुनी पाने आधी पिवळी पडतात. घरात धान्य कमी असले की वडीलधारी माणसे आधी आपल्या ताटातले कमी करतात, तसे. लोह आणि चुना यांना असे हिंडता येत नाही. ते जेथे बसले तेथे बसले. म्हणून त्यांची टंचाई नव्या पानात दिसते. जस्त कमी पडले तर नवी पाने लहान, अरुंद आणि गुच्छासारखी येतात. एवढे कळले तरी ‘रोप पिवळे पडले, युरिया टाका’ हा सार्वत्रिक उपाय बंद होईल. नवे पान लोहासाठी पिवळे पडले असताना युरिया घालणे म्हणजे तहानलेल्याला पुरी वाढणे होय. त्याला हिराकसाची फवारणी लागते, दर लिटर पाण्यात पाच ग्रॅमपर्यंत, आणि तीही उन्हात नव्हे, संध्याकाळी.

नत्र मात्र लागतेच. कलमाला पहिली पालवी येऊन, तांबूस पाने हिरवी होऊन टणक झाली, म्हणजे रोप आपल्या पायावर उभे राहिले असे समजावे. आंबा सतत वाढत नाही. तो पालवीच्या हप्त्यांनी वाढतो. एक हप्ता येतो, पाने पिकतात, मग काही काळ तो वरून स्तब्ध दिसतो. त्या काळात तो झोपलेला नसतो. खाली मुळे वाढत असतात. खत द्यावयाचे ते या मधल्या काळात. शेंगदाण्याची किंवा निंबोळीची पेंड चार-सहा दिवस पाण्यात भिजवून, भरपूर पातळ करून पंधरा दिवसांनी घातली तरी चालते. युरिया द्यावयाचाच तर लिटरला दोन-तीन ग्रॅमहून अधिक नको, आणि पिशवी आधी साध्या पाण्याने ओली केलेली असावी. हिशेब करून पाहा: युरियात शेकडा ४६ भाग नत्र असते, शेणखतात शेकडा अर्धा भाग. म्हणजे युरियाच्या एका चमच्यात जेवढे नत्र आहे तेवढे अर्ध्या किलो शेणखतात. फरक असा की शेणखत ते महिनोन्‌महिने चिमटीने देते, आणि युरिया ते काही दिवसांत ओंजळीने ओततो.

या ओंजळीचा परिणाम मुलांना शब्दांत सांगून पटत नाही, म्हणून एका वर्षी आम्ही तीन रांगा केल्या. एकाच दिवशीच्या कोयी, एकाच आकाराच्या पिशव्या. पहिल्या रांगेत नुसती माती, दुसऱ्या रांगेत माती, वाळू आणि कुजलेले खत, तिसऱ्या रांगेत तेच मिश्रण आणि शिवाय दर आठवड्याला युरियाचे पाणी. दसऱ्याच्या सुमारास मुलांना विचारले, उत्तम रांग कोणती? सर्वांनी तिसरीकडे बोट दाखविले. रोपे सर्वांत उंच, पाने मोठी, गडद हिरवी. मग प्रत्येक रांगेतले एकेक रोप आम्ही बादलीत बुडवून माती धुऊन काढली आणि वर्तमानपत्रावर आडवे ठेवले. दुसऱ्या रांगेतल्या रोपाच्या मुळांचे दाट जाळे होते, टोके पांढरी. तिसऱ्यातल्याला मुळे थोडकी आणि टोके तपकिरी. वर मोठा वाडा आणि खाली पाया नाही. एका मुलीने विचारले, “सर, मग लोक विकत घेताना उंच रोपच का मागतात?”

मंडळी, या प्रश्नाचे उत्तर आपणच द्यावयाचे आहे. आपण मूळ पाहून रोप घेत नाही, उंची पाहून घेतो. म्हणून विकणारा उंची पिकवितो. नत्राने फुगविलेले रोप आतून पाणचट असते. त्याच्या कोवळ्या पानांवर पावसाळ्यात करपा चटकन येतो, किडींना ते गोड लागते, आणि पिशवीतून काढून शेतात लावले की त्याच्या मोठ्या पानांतून जितके पाणी उडते तितके त्याची थोडकी मुळे पुरवू शकत नाहीत. पहिल्याच उन्हाळ्यात ते जाते, आणि मालक म्हणतो, आमच्या जमिनीत आंबा येत नाही. जमिनीवर हा अन्याय आहे. मुळे गरजेपुरती उपाशी राहिली की ती अन्न शोधण्यासाठी पसरतात, मातीतल्या उपकारक बुरशीशी सोयरीक जोडतात. ताटात सारे वाढून मिळाले की ती हे काही करीत नाहीत.

उजेडाचेही तेच. रोपवाटिकेत अर्धी सावली हवी, पूर्ण सावली नको. दाट सावलीत रोप उजेड शोधीत लांबट आणि लेचेपेचे होते. तेही गिऱ्हाइकाला उंच म्हणून आवडते! शेतात नेण्यापूर्वी तीन-चार आठवडे सावली हळूहळू काढावी आणि पाण्याच्या पाळ्या थोड्या लांबवाव्या. रोप काटक होते, पान जाड होते. सावलीतून एकदम मे महिन्याच्या माळावर नेलेले रोप होरपळते.

पाण्याविषयी एकच सांगतो. रोपवाटिकेत तहानेने जितकी रोपे मरतात त्याहून अधिक बुडून मरतात. मुळांनाही श्वास लागतो. पिशवीला खाली आणि बाजूला भोके असावीत, आणि बोट दोन पेरे आत घालून माती ओली लागली तर त्या दिवशी पाणी घालू नये.

पिशवीत रोप किती दिवस ठेवावे? आंब्याचे कलम एका पावसाळ्यात बांधले की पुढच्या पावसाळ्यात लावावे. लहान पिशवीत दोन-दोन वर्षे ठेवले तर सोटमूळ तळाशी घड्याळाच्या कमानीसारखे गुंडाळते, आणि पुढे जमिनीत गेले तरी ते वेटोळे सुटत नाही. असे झाड काही वर्षे बरे दिसते आणि मग वादळात मुळासकट आडवे होते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कलमाच्या जोडाखालून, म्हणजे खुंटावरून, फुटवे येतात. खुंट रायवळाचा, जोमदार. त्याचा फुटवा वाढू दिला तर मुळातून येणारे सारे अन्न तोच ओढतो. वरची जातिवंत काडी हळूहळू वाळते आणि झाड मात्र वाढत राहते. मालकाला वाटते, आपला हापूस काय जोरात आला! सहाव्या वर्षी फळ येते ते आंबट, धाग्याचे. रोपवाटिकेत कोणी फसविलेले नसते, तरी फसवणूक झालेली असते. म्हणून पहिली तीन वर्षे दर महिन्याला जोडाखाली हात फिरवावा आणि फुटवा नखाने खुडावा. त्याचप्रमाणे जोड पक्का झाल्यावर प्लॅस्टिकची पट्टी सोडावी. ती राहिली तर खोड जाड होताना तिथे गळफास बसतो. आणि पहिली तीन-चार वर्षे मोहोर आला तर तो मन घट्ट करून काढावा. कलमाचे लाकूड वयाने मोठ्या झाडाचे असल्यामुळे ते लहानपणीच मोहोरते, पण त्याची मुळे लहान असतात. त्या वयातल्या चार आंब्यांसाठी झाडाची दोन वर्षांची वाढ खर्ची पडते. शाळेतल्या मुलाला कमाईला लावण्यासारखेच हे. आपल्या ट्रस्टने अशा किती मुलांना शिष्यवृत्ती देऊन कमाईपासून परत वर्गात आणले आहे ते आपण जाणताच.

आंब्याखेरीज इतर झाडांविषयी थोडक्यात. पेरूला गुटी कलम चांगले. त्यात सोटमूळ नसते, म्हणून पहिली दोन वर्षे त्याला काठीचा आधार द्यावा. पुण्यात डॉ. चीमा यांनी निवडलेला ‘सरदार’ पेरू, ज्याला एल-४९ म्हणतात, अंगणासाठी उत्तम. चिकूचे कलम खिरणीच्या खुंटावर करतात. खिरणी फार सावकाश वाढते, म्हणून चिकूचे स्वस्त आणि झटपट वाढलेले रोप दिसले तर खुंट कोणता हे विचारावे. काजूला कोवळ्या फांदीवरचे मृदुकाष्ठ कलम करतात. खानापूर-चंदगडच्या डोंगरउतारासाठी वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने दिलेल्या जाती प्रसिद्ध आहेत. कागदी लिंबू मात्र बियांपासूनही बहुधा आईसारखेच येते, तेथे कलमाचा आग्रह नको.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो. ट्रस्टच्या काही मंडळींचा विचार असा आहे की येत्या जूनमध्ये बाहेरून तयार, उंच कलमे आणावीत आणि समारंभात वाटावीत. महोत्सव यंदाचा आहे, तेव्हा झाडही यंदाच दिले पाहिजे, हे त्यांचे म्हणणे मला समजते. देणगीदारांनाही दिलेल्या पैशाचे काम डोळ्यांनी पाहावयाचे असते. तरीही माझी नम्र विनंती निराळी आहे. यंदा झाडे वाटू नका. यंदा झाडे करा. मेअखेरपासून जूनमध्यापर्यंत आपल्या प्रत्येक घरी रायवळ आंबा चोखला जाणार आहे. त्या कोयी उकिरड्यावर जातात. प्रत्येक घराने दहा-दहा ताज्या कोयी धुऊन, सावलीत सुकवून ट्रस्टच्या आवारात आणून द्याव्यात. पावसाच्या तोंडावर वाफे लावू. जुलैत ज्यांच्या शेतात पारखलेला, दरवर्षी भरवशाने फळणारा हापूस किंवा पायरी आहे त्यांच्याकडून काड्या घेऊ, आणि कोणत्या झाडाची काडी कोणत्या कलमावर गेली हे वहीत लिहून ठेवू. महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांविषयी १९६९ साली खास कायदा झाला, तो काही उगीच नव्हे. झाडाची वंशावळ ठाऊक नसणे ही किती महाग बाब आहे हे त्यावरून कळावे. कलमे बांधावयास मी आणि माझी मुले येऊ. पुढच्या जूनमध्ये प्रत्येक घराला एक कलम मिळेल, आणि ते मिळेपर्यंत त्या घरातल्या निदान एका माणसाला ते सांभाळावयाचे कसे हे कळलेले असेल.

यात अडचण आहे हे मी नाकारीत नाही. काही कोयी उगवणार नाहीत, काही कलमे धरणार नाहीत, आणि जी धरतील ती बाजारातल्या कलमांपेक्षा बुटकी असतील. समारंभाच्या छायाचित्रात ती शोभणार नाहीत. पण तीन वर्षांनी ट्रस्टने एक दिवस ठरवून घरोघर जावे आणि जिवंत झाडे मोजावीत. वाटलेल्या झाडांची संख्या अहवालात सर्वच संस्था छापतात. जगलेल्या झाडांची संख्या छापणारी संस्था मी तरी अद्याप पाहिलेली नाही. तो मान आपल्या ट्रस्टला मिळावा अशी माझी इच्छा आहे.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी ही संस्था स्थापन केली त्यांच्यापाशी मोठी रक्कम नव्हती. त्यांनी थोडे थोडे, पण वेळेवर आणि पात्र जागी दिले, म्हणून आज हा मांडव भरला आहे. रोपाच्या पोषणाचाही नियम याहून निराळा नाही.

 कोयी आणताना त्यांवर गर राहू देऊ नका, मुंग्या लागतात.